नाताळच्या जुन्या रेकॉर्डी कशा ऐकायच्या



गेल्या डिसेंबरात आमच्या केंद्रावर पत्र्याची एक जुनी ट्रंक आली. सिंधुदुर्गातल्या एका ख्रिस्ती मावशींची. त्यांचे मिस्टर बोटीवर होते. वर्षाकाठी एकदा घरी यायचे आणि येताना कुठल्या तरी बंदरातून एखादी रेकॉर्ड घेऊन यायचे. ते गेले, मागोमाग रेकॉर्ड प्लेअर बिघडला, आणि ट्रंक माळ्यावर गेली. आता जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा मुलगा म्हणाला, भंगारवाला किलोवर घेऊन जाईल. मावशी म्हणाल्या, "एकदा ऐकूया तरी. मग काय करायचं ते कर."

ट्रंकेत सतरा रेकॉर्डी निघाल्या. त्यांतल्या पाच नाताळच्या, आणि त्या पाचही निव्वळ वाद्यांच्या. नाताळच्या आठवड्यात त्यातली एक आम्ही रेडिओवर लावली. लगेच फोन सुरू झाले. एकीने विचारलं, "ताई, बाई गायला कधी लागणार?" दुसरी म्हणाली, "छान वाटलं, पण आपल्याला त्यातलं काय कळतं?" हा दुसरा प्रश्न आमच्याही मनात होताच. म्हणून मावशींना बोलावून घेतलं, त्या पाच रेकॉर्डी पुन्हा पुन्हा ऐकल्या, थोडं वाचलं, आणि मग हे भाषण तयार केलं. रेडिओवर आम्ही मध्ये मध्ये तुकडे वाजवले होते. अंकात ते जमत नाही, तेव्हा कुठे काय वाजतं ते शब्दांत सांगतो.

आधी 'ऑर्केस्ट्रा' या शब्दाचा घोळ मिटवूया. आपल्याकडे जत्रेत ऑर्केस्ट्रा येतो म्हणजे स्टेजवर सिनेमाची गाणी म्हणणारी मंडळी येतात. इथे तो अर्थ नाही. इथे ऑर्केस्ट्रा म्हणजे पन्नास-साठ, कधी त्याहून जास्त वादक एका दालनात बसून एकत्र वाजवतात तो वाद्यवृंद. सगळ्यात मोठं घराणं व्हायोलिनचं. बारीक आवाजाच्या व्हायोलिनपासून ते माणसाहून उंच, उभ्याने वाजवायच्या डबल बेसपर्यंत. मग फुंकायची लाकडी वाद्यं, फुंकायची पितळी वाद्यं, आणि मागे ढोल, झांजा, घुंगरं वाजवणारे. प्रत्येकाच्या पुढे लिहिलेला कागद असतो आणि कुणी कधी सुरू व्हायचं, कधी थांबायचं हे ठरलेलं असतं. त्या जुन्या रेकॉर्डीत जे ऐकू येतं ते इतक्या माणसांनी खरोखर एकत्र बसून वाजवलेलं आहे. आज एकटा माणूस की-बोर्डवर व्हायोलिनचा आवाज काढतो. तो वाईट असतो असं नाही, पण तीस गज एका वेळी तारांवर फिरतात तेव्हा येणारी ऊब त्यात आम्हाला तरी सापडत नाही.

आता रेकॉर्ड लावूया. सुरुवात सोप्या तुकड्याने. त्याचं नाव 'स्ले राइड'. स्ले म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी, चाकं नसलेली घोडागाडी. संगीतकार लिरॉय अँडरसन, अमेरिकेतले, जन्म १९०८. आईवडील स्वीडनमधून तिथे गेलेले. आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि मुलाला पियानोचे पहिले धडे तिनेच दिले. बर्फातल्या सफरीचा हा तुकडा त्यांना सुचला तो मात्र १९४६च्या उन्हाळ्यात. कनेटिकट राज्यातल्या वुडबरी गावी ते राहत होते. उकाडा होता, पाण्याची ओढ होती, आणि झऱ्यावरून येणारे जुने पाइप शोधायला ते जमिनीत चर खणत होते. अशा घामाच्या धारांत त्यांना बर्फ सुचला! पाण्यासाठी मे महिन्यात वणवण करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तुकडा पुरा झाला १९४८च्या फेब्रुवारीत. त्याच वर्षी मे महिन्यात बॉस्टन पॉप्स या वाद्यवृंदाने तो पहिल्यांदा वाजवला, आणि १९४९ साली आर्थर फीडलर यांच्या संचालनाखाली त्याची रेकॉर्ड निघाली. गंमत अशी, की यात नाताळचं असं काही नाही. पुढे १९५० साली मिचेल पॅरिश यांनी त्यावर शब्द लिहिले, त्यांतही नाताळचं नाव नाही. लोकांनीच तो नाताळचा करून टाकला.

तुकडा जेमतेम तीन मिनिटांचा आहे. आम्ही तो एकापाठोपाठ तीनदा ऐकतो, आणि दर वेळी कान वेगळ्या ठिकाणी ठेवतो.

पहिल्या वेळी फक्त घुंगरांकडे लक्ष द्या. ती सुरुवातीपासून छुमछुमत असतात. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळेसारखीच. त्या घोड्यांना घुंगरं का, तर बर्फावर टापांचा आवाज होत नाही आणि गाडीला चाकंही नसतात. वाटेवरच्या माणसाला गाडी येते आहे हे कळावं कसं? म्हणून घुंगरं. म्हणजे हा नुसता सणाचा साज नव्हे, रस्त्यावरची सोय आहे.

दुसऱ्या वेळी घोडा शोधा. टापांचा टकटक आवाज येतो तो पोकळ लाकडी ठोकळ्यांवर काठीने वाजवलेला आहे. मध्येच फाटकन चाबूक उडतो. तो चाबूक नसतोच. दोन लाकडी पट्ट्या एका टोकाला बिजागरीने जोडलेल्या असतात, त्या एकमेकींवर आपटतात. आणि अगदी शेवटी घोडा खिंकाळतो. ते काम ट्रम्पेटवाल्याचं. कळा अर्ध्या दाबून तो सूर असा घसरवतो की खरा घोडा मान झटकतोय असं वाटावं. आमच्या बचत गटातल्या एका बाईंनी हे कुणी न सांगता ओळखलं. "घोडं खिंकाळलं की," म्हणाल्या. ज्यांना आपल्याला काय कळतं असं वाटत होतं, त्यांच्यातल्याच त्या एक.

तिसऱ्या वेळी चालीच्या मागे जा. तीच चाल आधी व्हायोलिन म्हणतात, सरळ आणि गुळगुळीत. मधे वेगळं कडवं येतं. मग मूळ चाल परत येते तेव्हा शेवटाकडे पितळी वाद्यं तिला हाताशी धरतात आणि जरा लचकत, झुलत वाजवतात. अक्षर न् अक्षर तेच, पण चालणं बदललं. आपल्याकडे एकच ओवी सासुरवाशीण एका ढंगात म्हणते आणि आजी दुसऱ्या, तसं. हा फरक एकदा कानाला लागला की शब्द नसल्याची खंत उरत नाही.

आता थोडं त्या काळ्या तबकडीबद्दल, कारण तिचं आपल्याशी नातं आहे. आपल्यातल्या थोरांना आठवत असेल, जुन्या रेकॉर्डी जड असायच्या आणि हातातून पडल्या की बशीसारख्या फुटायच्या. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या त्या रेकॉर्डी लाखेच्या होत्या. तीच लाख, जिच्या आपण बांगड्या घालतो. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे वाढतात, त्यांच्यापासून ती मिळते. तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून तबकडी दाबून काढत. जगाला ही लाख मुख्यतः भारतातून जायची. झारखंडच्या बाजूची जंगलं त्यासाठी प्रसिद्ध आहेत, आणि आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडेही लाख निघते. म्हणजे लंडन-न्यूयॉर्कच्या घरात नाताळला जी रेकॉर्ड लागायची, तिच्यातली लाख आपल्याकडच्या जंगलात कुणीतरी फांद्या खरवडून गोळा केलेली असायची. तबकडीच्या कागदावर गाणाऱ्याचं नाव असायचं, कंपनीचं असायचं. लाख खरवडणारीचं कुठे असणार?

दुसऱ्या महायुद्धात लाख समुद्रमार्गे नेणं अवघड झालं, शिवाय युद्धाच्या कामालाही ती हवी होती. अमेरिकेत १९४२ साली रेकॉर्डींसाठी लाख वापरण्यावर निर्बंध आले. जुन्या रेकॉर्डी परत करा, त्या वितळवून नव्या करू, असंही लोकांना सांगितलं गेलं. सैनिकांसाठी मग व्हायनिल या प्लॅस्टिकच्या रेकॉर्डी निघाल्या, कारण त्या प्रवासात फुटत नसत. आणि १९४८च्या जूनमध्ये कोलंबिया कंपनीने लाँग प्ले म्हणजे एलपी बाजारात आणली. मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे. लाखेच्या रेकॉर्डवर एका बाजूला तीन-चार मिनिटं मावायची, एलपीवर वीस-बावीस मावू लागली.

यामुळे नाताळचं संगीतच बदललं. आधी दर तीन-चार मिनिटांनी कुणीतरी उठायचं, रेकॉर्ड उलटायची, सुई बदलायची. बहुधा घरातलं मूल. एलपी आल्यावर झाड सजवेपर्यंत किंवा केक भट्टीतून निघेपर्यंत एक बाजू चालायची. हात कामात आणि कान मोकळे, अशा वेळी शब्दांपेक्षा वाद्यं बरी पडतात. चाली तर सगळ्यांच्या ओळखीच्या, शब्द ज्याच्या त्याच्या मनात असतातच. नुसत्या वाद्यवृंदाच्या नाताळी एलपी अमेरिकेत आणि इंग्लंडात १९५० नंतर इतक्या निघाल्या त्याचं हे एक कारण आम्हाला दिसतं. गौरीच्या वेळी फराळ करताना आपण सनई लावून ठेवतो, तेव्हा कुठे कुणी शब्द मागतं?

मावशींच्या ट्रंकेतली दुसरी रेकॉर्ड मॅन्टोव्हानी यांची. जन्म इटलीतल्या व्हेनिसचा, १९०५चा, पण कारकीर्द इंग्लंडमध्ये. त्यांची 'ख्रिसमस कॅरल्स' ही एलपी १९५३ साली आली, आणि दोन बाजूंनी आवाज देणारं स्टीरिओ तंत्र निघाल्यावर १९५८ साली त्यांनी ती पुन्हा वाजवून रेकॉर्ड केली. यांचे व्हायोलिन ऐकताना असं वाटतं की सूर वरून धबधब्यासारखे कोसळताहेत आणि विरता विरत नाहीत. ही युक्ती त्यांचे संगीत संयोजक रॉनल्ड बिंज यांची, १९५१ सालची. त्यांना मोठ्या चर्चमध्ये घुमतो तसा आवाज हवा होता. त्यासाठी त्यांनी व्हायोलिनवाल्यांचे गट पाडले. चालीचा पहिला सूर पहिल्या गटाने वाजवायचा आणि धरून ठेवायचा. दुसरा सूर दुसऱ्या गटाने, तिसरा तिसऱ्याने. पुढचा सूर सुरू झाला तरी मागचा अजून वाजतोच आहे. बंधाऱ्याच्या कामावर आपण रांगेत घमेली पुढे देतो, तेव्हा पहिलीचा हात सुटण्याआधी दुसरीचा लागलेला असतो ना, तसं. घुमणारं दालन नसताना नुसत्या वाटणीतून त्यांनी घुमारा तयार केला. यंत्राची करामत नाही, कामाची वाटणी.

खरं सांगायचं तर मॅन्टोव्हानींची अख्खी एलपी सलग ऐकवत नाही. श्रीखंडाचा डबा एकटीने संपवल्यासारखं होतं. दोन-तीन तुकडे ऐकावेत आणि ठेवून द्यावी. मावशींना मात्र हे अजिबात पटत नाही. त्यांच्या पाचांत हीच सगळ्यात जास्त झिजलेली.

आमची आवडती तिसरी, पर्सी फेथ यांची 'म्यूझिक ऑफ ख्रिसमस', पहिल्यांदा १९५४ साली निघालेली. फेथ कॅनडातल्या टोरांटोचे. लहान वयातच पियानो उत्तम वाजवत, मूकपटांना साथ करत. अठराव्या वर्षी घरात बहिणीच्या कपड्यांनी पेट घेतला. त्यांनी हातांनी आग विझवली. बहीण वाचली, हात भाजले. पियानोवादक होणं तिथेच संपलं, आणि ते दुसऱ्यांसाठी संगीत लिहून देण्याकडे आणि वाद्यवृंद चालवण्याकडे वळले. स्टोव्हच्या भडक्याने काय होतं ते आपल्या घराघरांतून माहीत आहे, म्हणून हे सांगितलं. आता त्यांची रेकॉर्ड ऐकताना एक करून बघा. एखादी कॅरलची चाल निवडा आणि बोटांवर मोजा, ती किती जणांच्या हातून गेली. आधी एकटी बासरी, मग खालच्या आवाजाचे चेलो, मग सगळे व्हायोलिन. संयोजकाचं काम हेच. चाल त्याची नसते, ती कुणाच्या तोंडी कधी द्यायची हे तो ठरवतो. पंगतीला काय वाढायचं ते ठरलेलं असतं, पण आधी काय आणि मागाहून काय हे वाढणारीला कळावं लागतं. फेथ यांना ते कळतं. ते गोड वाढतात, पण बेताने.

या चालींत एक 'सायलेंट नाइट' असतेच. ती १८१८च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ या लहानशा गावात पहिल्यांदा म्हटली गेली. शब्द जोसेफ मोर या पाद्रीबाबांचे, चाल फ्रांझ ग्रुबर या शाळामास्तरांची, आणि साथीला फक्त एक गिटार. तीच चाल पन्नास वादकांच्या तोंडून ऐकताना हे आठवावं. मोठा वाद्यवृंद तिला सजवतो, पण काही वेळा दागिन्यांत नवरी दिसेनाशी होते तसंही होतं. मावशींच्या एका रेकॉर्डीत तसं झालंय. तिचं नाव घेत नाही, त्या रागावतील.

आणखी एक मजेची गोष्ट, या रेकॉर्डी विकायच्या कोण? अमेरिकेत १९६१पासून गुडइयर ही टायरची कंपनी दर नाताळला नामवंतांच्या गाण्याबजावण्याची एक एलपी काढायची आणि टायरच्या दुकानात ती एका डॉलरला मिळायची. लगेच फायरस्टोन या दुसऱ्या टायर कंपनीनेही तेच सुरू केलं. टायर बघायला माणसं दुकानात यावीत म्हणून! साडीवर स्टीलचा डबा फुकट, त्यातलाच प्रकार. पण त्यामुळे मोठे गायक आणि मोठे वाद्यवृंद अगदी साध्या घरांत पोचले.

हे सगळं परदेशचं, तरी असे व्हायोलिन तुम्ही जन्मभर ऐकत आलात. जुन्या हिंदी सिनेमाच्या गाण्यात कडवं संपल्यावर व्हायोलिनांची लाट येते ती आठवा. ते वाजवणारे आणि लिहून देणारे पुष्कळ जण गोव्याचे होते. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना सूर लिहायला-वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ती मुलं मोठी होऊन पोटासाठी मुंबईला आली. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसूझा गोव्याचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. 'अमर अकबर अँथनी' सिनेमातल्या त्या प्रसिद्ध गाण्यात त्यांचंच नाव आहे. मावशी सांगत होत्या, नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला त्यांच्या चर्चमध्येही गावातली दोन माणसं व्हायोलिन घेऊन बसायची. रेकॉर्डीतले व्हायोलिन म्हणजे त्यांच्या लेखी तेच दोघे, फक्त पुष्कळ झालेले.

आता कामाचं. हा कार्यक्रम झाल्यापासून आमच्याकडे विचारणा येते आहे, आमच्याही माळ्यावर रेकॉर्डी आहेत, भजनाच्या, नाट्यगीतांच्या, काय करायचं? भंगारात घालण्याआधी बघून घ्या. मधल्या गोल कागदावर फेऱ्यांचा आकडा असतो. अठ्ठ्याहत्तरची असेल आणि जड असेल तर ती बहुतेक लाखेची. तिला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, लाख त्यात विरघळते. किंचित ओलसर कापडाने पुसा आणि लगेच कोरडी करा. एलपी असेल तर साधं स्वच्छ पाणी, त्यात भांड्याच्या पातळ साबणाचा एखादा थेंब, आणि मऊ सुती कापड. खाचा गोल आहेत, तर पुसायचंही गोलच, आडवं नाही. मधला कागद भिजू देऊ नका. खाचांना बोट लावू नका, कडेला आणि मधल्या कागदाला धरा. जुन्या चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावू नका. त्याची पोलादी सुई आणि वजन एका फेऱ्यात खाचा ओरबाडतात. लाखेच्या रेकॉर्डला जाड सुई लागते, एलपीला बारीक, हेही दुरुस्तीवाल्याला विचारून घ्या. चरचर, फटफट आवाज आला तर घाबरू नका, ती बहुतेक खाचांतली धूळ असते. पुसल्यावर कमी होते, सगळी जात नाही. आम्हाला तर आता ती नसली तर चुकल्यासारखं वाटतं.

मावशींच्या घराचं काम सध्या चालू आहे, म्हणून ट्रंक केंद्रावरच आहे. मुलगा परवा येऊन बसला होता. बापाच्या हातचं पाकिटावर लिहिलेलं बंदराचं नाव आणि साल वाचत होता. भंगाराचा विषय त्याने काढला नाही, आम्हीही नाही. मावशींनी 'स्ले राइड' लावायला सांगितलं आणि घोडा खिंकाळायच्या आधीच हसायला लागल्या.

तुमच्याकडच्या रेकॉर्डी ऐकायच्या असतील तर केंद्रावर घेऊन या, आम्ही लावून देऊ. आणताना एकीवर एक रचून आणू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, मध्ये जुनी चादर घाला. आणि एसटीत पुढे इंजिनाजवळ पिशवी ठेवू नका. गेल्या महिन्यात एका ताईंची रेकॉर्ड तशीच तापून पापडासारखी वाकली.